साकवावर अडलेलं लग्न

माझ्या लग्नाचा विषय विधानसभेत निघाला होता, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग मला थापाड्यांच्या यादीत टाकतो. टाकू दे. हे सगळं कसं झालं ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण त्यात सगळ्यात जास्त शोभा माझीच झाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत मी आमच्या आमदारांकडे लेखनिक होतो. आमदार होण्याआधी त्यांनी उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला होता, त्यामुळे सगळा मतदारसंघ त्यांना मास्तरच म्हणायचा. विरोधकसुद्धा भर सभेत "मास्तरांनी काय केलं?" असंच विचारायचे. मास्तरांच्या घराच्या पडवीत एक टेबल, दोन बाकं आणि एक टाइपरायटर, एवढं आमचं कार्यालय. बाकांवर सकाळपासून माणसं बसलेली. कुणाला नळ हवा, कुणाला शाळेवर कौलं हवीत, कुणाच्या गावातली नर्सबाई बदलून गेलेली आणि दुसरी आलेली नाही.

मास्तरांच्या कामाची एक तऱ्हा होती. कुणी अर्ज आणला की ते खिशातलं लाल पेन काढायचे आणि अर्ज तपासायला घ्यायचे. "'आमच्या गावावर सतत अन्याय होत आहे' हे वाक्य काढून टाका. विहीर कुठल्या महिन्यात आटते ते लिहा." समोर पन्नाशीचा सरपंच कान खाजवत उभा. अर्जाला दहापैकी गुण मिळायचे आणि सहाच्या खाली असेल तर तो पुन्हा लिहून आणावा लागायचा. एकदा एका सरपंचाला दोन गुण मिळाले, तरी तो खूश होऊन घरी गेला, कारण शेजारच्या गावाला दीड मिळाला होता.

दुसरा नियम, एका गावाने वर्षाला एकच मागणी आणायची आणि तिच्यावर प्रत्येक घराची सही हवी. आणि तिसरा, अर्ज पुढे पाठवण्याआधी मास्तर स्वतः त्या जागेवर जाऊन उभे राहणार. पाण्याचा अर्ज असेल तर विहिरीत वाकून बघणार. दवाखान्याचा असेल तर त्या गावातून जवळच्या दवाखान्यापर्यंत चालत जाणार, आणि मलाही चालवणार. मी मुळात तापट. चार मैल झाले की माझी बडबड सुरू व्हायची. मास्तर शांतपणे म्हणायचे, "तुला राग येतोय ना? मग तापाने फणफणलेल्या माणसाला काय होत असेल, तेवढं अर्जात लिही." मला त्यांनी ठेवलं होतं ते अक्षर चांगलं म्हणून, स्वभाव चांगला म्हणून नव्हे.

आता माझ्या गावाकडे येतो. गाव संगमेश्वरच्या आतल्या अंगाला. रस्ता, शाळा, दुकान हे सगळं पऱ्याच्या एका बाजूला आणि आमच्या दोन वाड्या, वरची आणि खालची, दुसऱ्या बाजूला. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. उन्हाळ्यात त्यात म्हैससुद्धा धड भिजत नाही आणि पावसाळ्यात तोच अंगात आल्यासारखा वाहतो. दरवर्षी आम्ही माडाची खोडं टाकून त्यावर साकव घालायचो, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, आणि दरवर्षी श्रावण संपायच्या आत तो साकव समुद्र बघायला निघून जायचा. मग पाणी उतरेपर्यंत आम्ही अलीकडे अडकलेले. पक्का साकव हवा याबद्दल दोन्ही वाड्यांत दुमत नव्हतं. कुठे हवा, याबद्दल मात्र दोन पिढ्या एकमेकांशी धड बोलल्या नव्हत्या.

वरची वाडी म्हणे, देवळाजवळ. खालची वाडी म्हणे, बसथांब्यासमोर. खालच्या वाडीचे पुढारी माझे सख्खे काका, त्यामुळे मी कुठल्या बाजूचा हे मला कुणी विचारतच नसे. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांची मंडळंसुद्धा याच भांडणापायी दोन झाली होती. असा पेच पडला की आमच्याकडे देवीला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि देवीच्या मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. वरच्या वाडीने सोमवारी कौल लावला. "आई, साकव देवळाजवळ घालूया का?" उजवी पडली. खालच्या वाडीला हे कळल्यावर तिने गुरुवारी लावला. "आई, साकव बसथांब्यासमोर घालूया का?" उजवी पडली.

आता यात देवीचं काय चुकलं? तिला दोनदा विचारलं, वेगवेगळं विचारलं, ती दोन्ही वेळा हो म्हणाली. आईच ती. जे मूल येऊन मागेल त्याला हो म्हणणार. चुकलो आम्ही, आणि सगळ्यात जास्त चुकलो मी. कारण दोन्ही वाड्या अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडेच आल्या आणि मी दोन्ही अर्ज लिहून दिले. म्हटलं, कुठला तरी एक लागेल, साकव झाल्याशी मतलब. "प्रस्तुत जागेस ग्रामदेवतेचा कौल प्राप्त झाला आहे" हे वाक्य मला इतकं झोकदार वाटलं की ते मी दोन्हीकडे घातलं. मास्तर तेव्हा अधिवेशनाला गेले होते, लाल पेन त्यांच्याबरोबर गेलेलं, जागेवर जाऊन उभं राहायला कुणी नाही. मी शिक्के मारले आणि दोन्ही अर्ज एकाच पाकिटात घालून मोकळा झालो.

दोन महिन्यांनी पाकीट परत आलं. खात्यातल्या कुणा साहेबाने वर शेरा मारला होता, "दोन्ही जागांना देवतेची संमती असल्याने जागा निश्चित करता येत नाही. प्रस्ताव परत." मास्तरांनी तो शेरा दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग माझ्या दोन्ही अर्जांवर लाल पेनाने एकेक शून्य काढलं.

त्याच माघात मी गुहागरला मुलगी बघायला गेलो. तोवर मला एकोणतिसावं लागलं होतं आणि माझी पत्रिका आसपासच्या इतक्या घरांतून परत आली होती की तिच्या कडा फाटल्या होत्या. नकाराचं कारण कुणी लपवून ठेवत नसे. तुमच्या वाडीत मुलगी द्यायची म्हणजे पावसाळाभर तिचं तोंड दिसायचं नाही. गुहागरच्या त्या मुलीचे वडील बोटीवरून निवृत्त झालेले. सगळा जन्म त्यांनी बोटीच्या स्वयंपाकघरात काढला होता, पण गावाने त्यांना 'कप्तान' करून टाकलं होतं आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती. मुलगी बालवाडीत शिकवायची. पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन ती आईच्या मागे न लपता समोरच्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "पावसात तुमच्याकडे बाळंतीण अडली तर कशी नेता?"

माझ्याबरोबर आलेले काका आढ्याकडे बघायला लागले.

"डोलीतून नेतो," मी म्हटलं.

"पऱ्यातून डोली जाते?"

"पाणी जास्त असलं तर उतरेपर्यंत थांबतो."

"आणि बाळ थांबतं?"

आमच्या वाडीत दोघींच्या बाबतीत बाळ थांबलं नव्हतं, आणि त्यातली एक वाचलीही नव्हती. हे मी तिला सांगितलं. लपवता आलं असतं, पण तिच्या समोर खोटं बोलायला जीभ वळेना. ती म्हणाली, "मुलाबद्दल मला काही म्हणायचं नाही. साकव झाला की कळवा."

मला ती आवडली. सरळच सांगतो, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आणि येता येता काकांनी बातमी काढली की तिला आणखी एक स्थळ आलं होतं. मुलगा लोटे गावच्या कारखान्यांपैकी एका कंपनीत कायम, घर हमरस्त्यावर, कंपनीची बस दारात थांबणारी. त्या मुलाला मी आयुष्यात बघितलं नव्हतं, तरी त्याच्या नावाने मी चिपळूणपर्यंत बोटं मोडली.

त्यानंतर मी आमच्या साकवाचा कागद रोज कपाटातून काढायचो आणि रोज परत ठेवायचो. मास्तरांच्या ते लक्षात आलं. "इतक्या गावांचे कागद आहेत. हाच का बोचतोय तुला?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, पोह्यांपासून लोट्यापर्यंत. बाळाचंही सांगितलं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ तेव्हाच मला कळायला हवा होता.

शिमग्याच्या सुमाराला मुंबईत अधिवेशन चालू होतं. मास्तरांनी साकवाचा तारांकित प्रश्न लावून घेतला होता. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. मंत्रिमहोदय उभे राहिले आणि म्हणाले, प्रस्ताव विचाराधीन आहे. मास्तरांनी विचारलं, किती दिवस विचाराधीन राहील? मंत्री म्हणाले, योग्य वेळी निर्णय घेण्यात येईल. इथपर्यंत रोजच्यासारखंच. मग मास्तर म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझा लेखनिक एकोणतीस वर्षांचा घोडा झाला. गुहागरच्या एका मुलीने त्याला सांगितलंय, साकव झाला की कळवा. मंत्रिमहोदयांची योग्य वेळ येईपर्यंत त्याचे केस पिकतील. तर मुलीला काय कळवू, एवढंच मला सांगावं."

सगळं सभागृह हसलं. मंत्री तर बाकाला धरून हसले आणि हसता हसता म्हणाले, "लेखनिकाच्या केसांची काळजी सरकारलाही आहे. गावाने एक जागा ठरवून द्यावी, काम याच वर्षी मंजूर करतो." दोन पिढ्यांचं भिजत पडलेलं घोंगडं एका हशात वाळलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ती गंमत चौकटीत छापून आली. माझं नाव नव्हतं, पण रत्नागिरीत त्या आमदारांचे लेखनिक होते कितीजण? चहाच्या टपरीवर गेलो तर टपरीवाला कप पुढे करत म्हणाला, "कळवलंस का?" पोस्टात गेलो, तिकिटं देणारा जाळीतून म्हणाला, "कळवलं की नाही?" मासळी बाजारात एक म्हातारी मला उगाचच दोन बांगडे जास्त घालून म्हणाली, "घे हो, लगीन व्हायचंय तुझं." तीन दिवसांत मी बाहेर पडायचं सोडून दिलं. डोक्यात तिडीक जायची. तरी खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटत होतं. साकव मंजूर झाला होता.

गावात वेगळीच तऱ्हा. आपल्या भांडणापायी आपल्याच पोराचं लग्न अडलं आणि ते मंत्र्यापर्यंत गेलं, म्हणून दोन्ही वाड्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैठक बसली, मास्तर आले, मीही गेलो. काका उठून म्हणाले, "देवळाजवळच होऊ दे. आमची हरकत न्हाय." वरच्या वाडीचे पुढारी गावकर लगेच उठले, "छे, बसथांब्यासमोरच होऊ दे. आमी मन मोठं करताव." काका म्हणाले, "मन मोठं करायचा मक्ता तुमाला कोणी दिला?" आणि बघता बघता, इतकी वर्षं जे भांडण चाललं होतं तेच उलटं सुरू झालं. प्रत्येकजण दुसऱ्याची जागा दुसऱ्याच्याच गळ्यात मारतोय आणि आवाज पहिल्यापेक्षा मोठा. मी कपाळावर हात मारून बसलो.

मास्तर मात्र उठले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पऱ्यात जाऊन उभे राहिले. त्यांची तीच पद्धत. पुढारी मंडळी काठावर उभी. तेवढ्यात माझी काकी धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन पलीकडून आली. ती ना देवळाकडून आली, ना बसथांब्याकडून. मधे जिथे काळा कातळ दोन्ही काठांवरून सरळ पाण्यात उतरतो, तिथून दगडांवर पाय टाकत ती अलीकडे आली. मास्तरांनी तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही नेहमी इथूनच येता?"

"सगळ्याच बायका हितनंच येतात. लाकूडफाटी, पाणी, धुणं, सगळं हितनंच. हितं पऱ्या अरुंद हाय, आनि बूड पक्कं."

"मग अर्जात ही जागा का नाही?"

"आमाला कोन इचारतंय, मास्तर? सह्या घेतल्या त्या पण घरातल्या बापयांच्या."

काठावरचे सगळे बापये आपापल्या पायांकडे बघायला लागले. मीसुद्धा. दोन्ही अर्ज माझ्याच अक्षरातले, आणि माझी आईसुद्धा रोज त्याच कातळावरून जात होती हे मला ठाऊक नव्हतं. जागा तिथल्या तिथे ठरली. ती दोघांपैकी कुणाचीच नसल्यामुळे कुणी हरलंही नाही. कौल लावायचा होताच, पण या वेळी दोन्ही वाड्या एकत्र बसल्या. पाकळी उजवीच पडली. डावी पडली असती तर मी तिथेच देवीशी भांडायला उठलो असतो.

हे सगळं मी आनंदाने गुहागरला कळवलं. चार दिवसांनी तिकडून कार्ड आलं. पाकीट नव्हे, कार्ड, म्हणजे पोस्टमनने ते आधी वाचलेलं. त्या दिवशी पोस्टमनने "कळवलं का?" विचारलं नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. कप्तानांनी लिहिलं होतं, "आमच्या मुलीने चार माणसांत विश्वासाने बोललेली गोष्ट आपण सरकारदरबारी हसण्यासाठी नेली. येथे शेजारीपाजारी तिला 'कळवलं का' म्हणून विचारतात. ती आठ दिवस बालवाडीत गेलेली नाही. पत्रिका वेगळ्या टपालाने परत पाठवत आहे. विषय संपला."

मी ते कार्ड घेऊन मास्तरांसमोर गेलो. पडवीत माणसं होती, मला पर्वा नव्हती. "साकव तुमचा झाला, नाव तुमचं झालं, आणि माझं घर बसायच्या आधी मोडलं," मी म्हटलं. "माझी गोष्ट तुम्हाला सांगितली ती मोठ्या विश्वासाने. भाषणात घालायला नाही." आणखीही बरंच बोललो, ते आज लिहायला मला लाज वाटते. शेवटी नोकरी सोडली म्हणून सांगितलं आणि टेबलाच्या खणातून माझी पेनं काढून घेतली.

मास्तरांनी कार्ड वाचलं. मग म्हणाले, "शाळेत मी कधी एका पोराला उभं करून बाकीच्यांना हसवलं नाही. आमदार झालो आणि तेच केलं. तेही समोर नसलेल्या मुलीच्या बाबतीत." त्यांचा चेहरा बघून माझा राग उतरला नाही, पण बोलायचं ते मी विसरलो. ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने गुहागरला जातो. येतोस?"

"मी नोकरी सोडली आहे."

"मग रिकामाच आहेस. चल."

चिपळूणवरून फिरून आम्ही गुहागरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कप्तान ओटीवर झोपाळ्यात बसले होते. त्यांनी पाणी विचारलं नाही. मग आतून त्यांच्या बायकोने गूळ-पाणी आणून ठेवलं, तेव्हा नाइलाजाने "घ्या" म्हणाले. मास्तर उभेच राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं. या मुलाचा काही दोष नाही. मी माफी मागायला आलोय."

कप्तानांनी झोपाळा थांबवला. "इथं माफी मागून काय उपयोग? इथं ऐकायला कोण आहे, मी आणि ते मांजर. तुम्ही जिथं बोललात तिथं सांगा चुकलं म्हणून."

मला वाटलं, मास्तर आता नियम सांगतील, सभागृहात असं करता येत नाही म्हणतील. तेवढ्यात मुलगी आतल्या दारात आली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मास्तरांना विचारलं, "किती जण हसले?"

"सगळे," मास्तर म्हणाले.

ती परत आत गेली. मास्तर त्या रिकाम्या दाराकडे बघत कप्तानांना म्हणाले, "मी बोलतो. तुम्ही ऐकायला या."

सभागृहात वैयक्तिक खुलासा करता येतो, पण त्याला आधी अध्यक्षांची लेखी परवानगी लागते. ते पत्र मीच टाइप केलं. नोकरी सोडून मला पाच दिवस झाले होते आणि पगाराबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. मास्तरांनी प्रेक्षकांच्या गॅलरीचे दोन पास काढले, एक माझा, एक कप्तानांचा. कप्तान पांढरी कडक इस्त्रीची पँट घालून आले, बोटीवर सणावाराला घालायचे ती. दारावरच्या शिपायाने त्यांची छत्री ठेवून घेतली, म्हणून त्यांचं त्याच्याशी थोडं वाजलं, मग आम्ही वर जाऊन बसलो. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

मास्तर उभे राहिले तेव्हा खालची माणसं आधीच गालात हसायला लागली. मागच्या वेळची चव तोंडात होती. मंत्रिमहोदयांनी तर हातातले कागद बाजूला ठेवले आणि हसायला सावरून बसले. मास्तर म्हणाले, "अध्यक्ष महोदय, साकवाच्या प्रश्नावर बोलताना मी एका मुलीची गोष्ट या सभागृहात सांगितली. ती गोष्ट तिची होती, माझी नव्हती. तिला न विचारता मी तिच्यावर सगळ्यांना हसवलं. ती जे विचारत होती ते हसण्यासारखं नव्हतं. तिच्या होणाऱ्या सासरी बाळंतीण अडली तर तिला दवाखान्यात कसं नेणार, एवढंच तिने विचारलं होतं. मी चुकलो. तिची आणि तिच्या घरच्यांची मी माफी मागतो."

आणि बसले. एवढंच. सगळे वाट बघत राहिले, आता शेवटची कोपरखळी येईल म्हणून. ती आली नाही. मंत्रिमहोदयांचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर अर्धंच राहिलं आणि मग त्यांनी खाली बघितलं. वरचे पंखे ऐकू येत होते. शेजारी कप्तानांनी रुमाल काढून खूप मोठ्याने नाक शिंकरलं, तेव्हा शिपाई आमच्याकडे धावत आला. बाहेर आल्यावर कप्तान मास्तरांसमोर उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "जेवलात का?"

पण माझं घोडं अजून तिथेच होतं. कप्तान निवले होते, मुलीचं काही कळलं नव्हतं. लोट्याच्या स्थळाची माणसं आणखी एकदा येऊन गेल्याचं मात्र कळलं होतं. सभागृहात बोललेलं लिहून घेतात आणि तपासायला सभासदाकडे त्याची प्रत येते. तशा दोन्ही दिवसांच्या प्रती मास्तरांकडे आल्या. पहिल्या दिवसाच्या प्रतीत दोन ठिकाणी कंसात 'हशा' लिहिलं होतं. मी म्हटलं, हे तरी काढून टाकायला सांगा. मास्तर म्हणाले, "लोक हसले ते खरं आहे. खरं कसं काढणार?" दोन्ही प्रती त्यांनी पाकिटात घातल्या. "कप्तानांना नको. तिच्या हातात दे."

मी एकटाच गेलो. ती बालवाडीतून नुकतीच आली होती, हाताला खडूची पूड तशीच. म्हणजे ती परत जायला लागली होती. तिने ओटीच्या पायरीवर बसून पहिला कागद वाचला. दोन्ही कंसांवर तिचं बोट थांबलं. मग दुसरा वाचला, सावकाश, आणि उलटून मागची बाजूही बघितली. मागे काहीच नव्हतं.

"इथं कुणी हसलं नाही?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"तुम्ही होता ना तिथे?"

"होतो. मी रडलो. ते लिहीत नाहीत."

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "यंदाच्या पावसाआधी साकव होईल?"

हो म्हणायचा मोह झाला. देवाशपथ झाला. लोट्याची बस डोळ्यांसमोर उभी होती. पण मी म्हटलं, "नाही. आता खांब उभे राहतील. चालण्यासारखा पुढच्या उन्हाळ्यात होईल. यंदाचा पावसाळा आमचा पूर्वीसारखाच जायचा."

पहिला कागद तिने मला परत दिला. दुसऱ्याची घडी घालून ती तिने स्वतःच्या हातात ठेवली आणि उठली. कप्तान दारातच उभे होते, ऐकत नसल्यासारखं दाखवत.

"बाबा," ती म्हणाली, "लोट्याच्या माणसांना आता बोलवू नका. पुढच्या वैशाखापर्यंत थांबायचंय. मी थांबणार आहे."